टेबलापलीकडच्या वंदनाबाई

वंदनाबाई,

परवा आरमोरीला तुमच्या घरी पोचलो तेव्हा अंगणात दोन्ही अंगांनी खुर्च्या मांडल्या होत्या. एका बाजूला कंपनीतून आलेले चार लोक बसले होते, दुसऱ्या बाजूला आमचे युनियनवाले. कुणी सांगून बसवलं नव्हतं, सवयीनं तसे बसले होते. मी मधे उभा राहिलो. तुमच्या एका म्हाताऱ्या मामानं विचारलं, "तुमी बाईच्या ऑफिसातले का?"

"होय," मी म्हटलं. "पण समोरच्या बाजूचा."

त्यांना काही समजलं नाही. मलाही नीट समजावून सांगता आलं नाही. शेवटी तुमचा भाऊ प्रशांत आला, त्यानं माझा हात धरला आणि स्वतःच्या बाजूला बसवलं.

तुमच्या मामाला काय सांगणार होतो मी? मी धानोऱ्याकडच्या गावचा, आधी दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत ट्रॅक्टर चालवणारा, मग नागपूरच्या विमानतळावर विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर चालवणारा शंकर मडावी. त्यात युनियनचा सेक्रेटरी. आणि तुम्ही त्याच विमान कंपनीच्या नागपूरच्या कर्मचारी अधिकारी. मी भांडायला यायचो, तुम्ही ऐकून घ्यायच्या आणि बहुतेक वेळा नाही म्हणायच्या. ऑफिसात तुम्ही 'मॅडम'. शनिवारी गडचिरोलीच्या बसमधे बसलो की 'बाई'. ऑफिसातली तुमची भाषा पुस्तकातली असायची, पण उमरेड मागे पडलं की "काऊन मडावीभाऊ, आज तोंड काऊन पाडलं?" असं सुरू व्हायचं. मला वाटायचं, बाईंनी बसच्या खिडकीतून मॅडमला खाली उतरवून दिलं.

एकदा बसमधेच मला तुमचं दुखणं कळलं. ब्रह्मपुरीच्या अलीकडे तुम्ही समोरच्या सीटला कपाळ टेकवून बसल्या होत्या. दोन्ही गुडघे हातांनी दाबून धरले होते. ओठ पांढरे पडले होते. माझ्या बहिणीला मी असंच बसलेलं लहानपणापासून पाहिलं आहे. मी पाण्याची बाटली उघडून दिली.

तुम्ही म्हणाल्या, "तुमाले समजलं."

"माझ्या बहिणीले आहे सिकलसेल," मी म्हटलं.

"ऑफिसात सांगू नका, भाऊ."

मी कुणाला सांगितलं नाही. आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात किती घरांत हे रक्ताचं दुखणं आहे, ते आपल्याला एकमेकांना सांगायची गरज नव्हती. तुम्ही गोळ्या घेत होत्या, पाणी पीत होत्या, थंडीत मोजे घालून बसत होत्या आणि काम करत होत्या. सोमवारी ऑफिसात समोरासमोर बसलो तेव्हा तुम्ही माझी एक मागणी तशीच फेटाळली, आणि मला बरं वाटलं. तुम्ही मेहेरबानी केली असती तर मला पुन्हा भांडता आलं नसतं.

मग आपली कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत मिसळणार, अशी बातमी आली. त्याला वरचे लोक पुनर्रचना म्हणायचे. आमच्यातल्या पोरांना वाटलं, चला, मोठं विमान येईल, मोठा गणवेश येईल. हळूहळू कळलं की विमानं एकीकडे जाणार, आणि सामान चढवणारे, तिकीट तपासणारे, ट्रॅक्टर चालवणारे आम्ही सगळे एका वेगळ्याच नव्या कंपनीत जाणार. जाताना जुन्या नोकरीचा राजीनामा द्यायचा, मग नवी कंपनी नेमणूक देणार. नवी नेमणूक म्हणजे नवा माणूस. आधीची सगळी वर्षं पुसली. आणि नव्या माणसाची नवी डॉक्टरी तपासणी, रक्तासकट.

त्या दिवशी मी तुमच्या खोलीत शिरलो आणि दारही लावलं नाही. "मॅडम, हे राजीनामे तुम्ही लिहिले का?"

"मुंबईहून आले."

"तुम्ही वाटले."

"वाटले," तुम्ही म्हणाल्या. "आणि हे चालणार नाही असं मुंबईला लेखी कळवलं. धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, तर माणसाला नोकरीत खंड न पाडता तसंच पुढे न्यायचं. नाही तर कपात केल्यासारखी रीतसर भरपाई देऊन मोकळं करायचं. राजीनामा लिहून घेणं हा तिसरा रस्ता कायद्यात नाही."

"मग आम्ही उद्या ट्रॅक्टर बंद ठेवतो. पाहू विमान कसं हलते."

तुम्ही उठून दार लावलं आणि बसमधल्या भाषेत बोललात. "असं करू नका भाऊ. विमानसेवा आहे, नोटीस दिल्याबिगर संप केला तर तुमीच बेकायदेशीर ठरान. तुमाले काढायले त्याइले तेवढंच पायजे. केंद्राच्या श्रम कार्यालयात अर्ज द्या. एकदा का समेटाची कारवाई सुरू झाली, का तुमाले संप करता येत नाई, पण कंपनीलेई तुमच्या नोकरीच्या अटी बदलता येत नाई. कायदा दोघाइचे हात बांधते."

"आमचे आधी बांधते," मी म्हटलं.

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते कधी संपलंच नाही. बसमधे, चहाच्या टपरीवर, ब्रह्मपुरीच्या स्टँडवर, सगळीकडे तेच. मी म्हणायचो, एक सकाळ विमान उभं राहिलं असतं तर सगळे खाली आले असते. तुम्ही म्हणायच्या, विमान दुपारी उडालं असतं आणि तुम्ही कायमचे बाहेर राहिले असते. बाई, मी आजही माझ्या जागेवर आहे. तुम्हीही नक्की तुमच्याच जागेवर असाल.

पण अर्ज मी दिला. तुमचं ऐकून दिला.

तोवर बऱ्याच पोरांनी घाबरून राजीनाम्यावर सह्या केल्या होत्या. त्यात काउंटरवरची रूपाली होती, कोरपन्याची. तिच्या घरचा कापूस, एक भाऊ सिमेंटच्या कारखान्यात. सही करून ती सरळ घरी निघून गेली आणि फोन उचलेना. समेटाची तारीख आली, की कंपनीचे वकील म्हणणार, पाहा, लोक राजीखुशीनं गेले. मी तुम्हाला हे सांगितलं ते नुसतं जीव जळत होता म्हणून. तुम्ही विचारलं, "रविवारी कोरपन्याले येता का?"

मी म्हटलं, "तुमी? कंपनीच्या?"

"रविवारी मी आरमोरीची."

चंद्रपूरला आपण भेटलो आणि तिथून पुढची बस धरली. गडचांदूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटची धूळ बसलेली झाडं होती. तुम्ही तोंडाला ओढणी गुंडाळली. रूपाली शेतात कापूस वेचत होती. तुम्हाला पाहून ती इतकी घाबरली, की कमरेची ओटी सुटून कापूस खाली सांडला. तिला वाटलं, मॅडम आणखी कशावर तरी सही घ्यायला आल्या. तुम्ही खाली बसून तिचा कापूस भरायला लागल्या. भरता भरता तुम्ही विचारलं, "सही करतानी तुले कोणी काय म्हटलं होतं?"

"म्हणे सही नाई केली तर नव्या कंपनीत नाव नाई. म्हणे आजच पायजे."

"मग थे तुह्या मर्जीनं नाई झालं. आयक. राजीनामा मंजूर झाला नाई तोवर मागं घेता येते. मंजुरीवर सही माही लागते, अन् मी केली नाई."

रूपालीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिच्या आईनं शेताच्या धुऱ्यावर बसवून भाकर आणि चटणी दिली. तुम्ही खाल्ली आणि पुन्हा मागितली. त्या माऊलीनं विचारलं, "तुमी पोट्टीले परत नोकरीवर घ्यान ना, बाई?" तुम्ही लगेच हो म्हणाल्या नाहीत. "माह्या हातात आहे तेवढं करीन," इतकंच म्हणाल्या. परतताना बसमधे मी रागावलो होतो. त्या आईला हो म्हणायला तुमचं काय जात होतं? तुम्ही म्हणाल्या, "हो म्हणून नंतर नाई झालं, तर थे बाई कोणाचंच आयकणार नाई, भाऊ. तुमचंई."

मग एकेक जण राजीनामा मागे घेऊ लागला. मुंबईवाल्यांना कळायचं ते कळलं असावं.

समेटाच्या दिवशी श्रम कार्यालयात मी, आमचे दोघं, समोर तुम्ही आणि तुमच्या बाजूला मुंबईहून आलेले वकील. वकिलांनी सांगितलं, सगळे राजीनामे स्वेच्छेनं आहेत, काही जण आता युनियनच्या दबावाखाली मागे घेत आहेत. समेट अधिकारी शांत माणूस होता. त्यानं वकिलांचं ऐकलं आणि तुमच्याकडे वळून विचारलं, "मॅडम, नागपूरच्या कर्मचारी अधिकारी तुम्ही. तुमच्यासमोर सह्या झाल्या. स्वेच्छेनं झाल्या का?"

तुम्ही पाण्याचा ग्लास उचलला. पाणी प्यायलात. ग्लास ठेवताना तुम्ही दुसऱ्या हातानं गुडघा दाबून धरला होता, आणि तो का, ते तिथं मला एकट्यालाच माहीत होतं.

"नाही, साहेब," तुम्ही म्हणाल्या. "सही नाही तर नोकरी नाही, असं सांगून घेतल्या. मला तसं सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही, पण दुसऱ्यांनी सांगितलं."

वकील म्हणाले, मॅडमना कंपनीच्या वतीनं बोलायचा अधिकार नाही. अधिकारी म्हणाला, "मी त्यांना जे झालं ते विचारलं."

बाहेर आल्यावर आमची पोरं तुमच्या पाया पडायला धावली. तुम्ही त्यांना झिडकारलं. "माझ्याजवळ येऊ नका. लोक म्हणतील सगळं ठरवून केलं." मग एकट्याच रिक्षात बसून गेलात. मी रस्त्यावर उभा राहिलो. आमच्यासाठी कुणी खरं बोललं, याचा आनंद व्हायला हवा होता. मी मात्र तुमची रिक्षा वळेपर्यंत पाहत होतो.

त्यानंतर लवकरच तुम्हाला काढलं. कारण दिलं की नव्या रचनेत हे पद राहिलं नाही. पुढच्या शनिवारी बसमधे तुम्ही खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर टेबलावरचं तुमचं छोटं झाड होतं. मी म्हटलं, "बाई, तुमचीई केस टाकू. युनियन लढन."

तुम्ही हसलात. खरंच हसलात, आजूबाजूचे पाहायला लागले. "मी कामगार नाई, भाऊ. अधिकारी आहे. तुमच्या कायद्यात मी बसतच नाई. माह्यासाठी समेट नाई, न्यायाधिकरण नाई. दिवाणी कोर्टात जा म्हणते, म्हातारी होईस्तोवर."

मी म्हटलं, "तुमाले हे आधीपासून मालूम होतं?"

"शिकवलं आहे ना मले तेच."

म्हणजे ज्या छपराखाली तुम्ही आम्हाला सगळ्यांना ओढून आणलं, ते तुमच्या डोक्यावर नव्हतंच. तुम्हाला ते माहीत होतं आणि तरी त्या खोलीत तुम्ही 'नाही, साहेब' म्हणालात. ब्रह्मपुरी येईपर्यंत तुमचं झाड मी माझ्या मांडीवर धरून बसलो.

करार झाला. राजीनामे रद्द, नोकरीत खंड नाही, नवी डॉक्टरी तपासणी नाही. पोरांनी गुलाल उधळला. मी तुम्हाला फोन केला, तर तुम्ही विचारलं, "बदलीचं काय लिहिलं?" मी म्हटलं, बदलीचं काहीच नाही, जुन्या अटी तशाच. तुम्ही म्हणाल्या, "थेच राह्यलं, भाऊ."

मग बदल्या आल्या. मला थेट आसामच्या पलीकडे. रूपालीला केरळात. ज्यांनी ज्यांनी राजीनामे मागे घेतले, त्यांना वेचून लांब टाकलं. खंड नाही, पगार तोच, पद तेच. फक्त घर नाही, भाषा नाही. माझी आई अर्धी आंधळी, बहीण आजारी, आणि मोहफुलाच्या दिवसांत आमच्या घरी वेचायला तिसरा हात नाही. पोरं एकेक करून स्वतःहून नोकरी सोडू लागली. या वेळी मात्र राजीनामे खरंच कुणी न सांगता दिले.

मी तुमच्या अंगणात येऊन ओरडलो. तुमची आई सुपात तांदूळ निवडत होती, ती उठून आत गेली. मी म्हटलं, "काय जिंकलो आपण, बाई? सांगा. तुमची नोकरी गेली, आमची जाऊन राह्यली. कायद्यानं काय देलं?"

तुम्ही शाल पांघरून खाटेवर बसल्या होत्या. चेहरा पिवळा पडला होता, डोळेही पिवळे. "रुजू व्हा," तुम्ही म्हणाल्या. "निषेध लिहून द्या अन् रुजू व्हा. तिथून लढू. बदली सूडानं केली हे दाखवता येते, सगळे तेच लोक आहेत ना. पण रुजू नाई झाले तर म्हणतीन, स्वतःच सोडून गेला. मंग काईच हाती राहात नाई."

"अन् माह्या आईले कोण पाहीन?"

"थे मले नाई माहीत, भाऊ."

"तुमाले कायद्याचं सगळं माहीत राह्यते, माणसाचं माहीत राहात नाई."

तुम्ही चिडलात. मी तुम्हाला चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. "माणसाचं माहीत नाई म्हणून मी कोरपन्याले गेल्ती का? तुमाले वाटते, मले हे बरं वाटून राह्यलं? मी रोज सकाळी उठून हाच विचार करतो, का चुकलं कुठी. तुमचं खरं होतं का. एक दिवस विमान थांबवलं असतं तर." आणि तिथं थांबलात. "रविवारी या. तोवर मी विचार करतो. मंग भांडू."

विमान थांबवलं असतं तर. ते वाक्य तुम्ही पुरं केलं नाही, बाई. मला ते पुरं ऐकायचं होतं.

रविवारी मी आलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गडचिरोलीला नेलं. दवाखान्यात तुम्ही ऑक्सिजनवर होत्या. डॉक्टर चांगले होते, नर्स धावपळ करत होत्या, रक्त चढवत होते. तुमच्या छातीत दुखत होतं आणि प्रत्येक श्वासाला तुम्ही डोळे मिटत होत्या. मला पाहून मास्क बाजूला करायला लागल्या. मी म्हटलं, "बोलू नका, बाई." तुम्ही ऐकलं नाही.

"रुजू व्हायची तारीख गेली का?"

"नाई. आहे अजून."

"बरं," तुम्ही म्हणाल्या. नर्सनं मास्क परत लावला.

संध्याकाळी नागपूरला न्यायचं ठरलं. गाडीत प्रशांत बसला, मला जागा नव्हती. तो सांगत होता, गाडी आरमोरीतून गेली तेव्हा तुम्ही मान वळवून खिडकीकडे पाहिलं, आणि त्यानं तुम्हाला सांगितलं, ताई, आपलं गाव आलं. नागभीडच्या आसपास तुम्ही गेलात. ज्या रस्त्यानं आपण इतके शनिवार भांडत आलो, त्याच रस्त्यावर. मी त्या वेळी धानोऱ्याच्या बसमधे होतो, तुमच्याकडे पाठ करून दुसऱ्या दिशेनं चाललो होतो.

मला तुमचे आभार मानायचे होते, पण आभार मानले की भांडण संपतं अशी मला भीती वाटायची. तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसून आमच्याकडे सरकलात, आणि मी कधी तुमच्याकडे सरकलो नाही. माझी बाजू मला जन्मानं मिळाली. तुम्ही तुमची उठून घेतली. माझ्या बहिणीला मी तुमची गोष्ट सांगितली. तीही गुडघे दाबून बसली होती. ती म्हणाली, "इतकं दुखत होतं तरी थे बोलली?" मी म्हटलं, बोलली. ती मग कितीतरी वेळ चुलीपाशी बसून राहिली. आमच्या घरात तुमच्यासाठी एवढंच झालं, बाई. एका दुखणाऱ्या बाईनं दुसऱ्या दुखणाऱ्या बाईची आठवण काढली.

कंपनीकडे आम्ही कोणत्या दारानं जायचं, आता कळत नाही. नवीन कर्मचारी अधिकारी नागपूरला नाहीच, सगळं मुंबईतून फोनवर चालतं. वकील करायला युनियनमधे माणसं उरली नाहीत. माझा ट्रॅक्टर ठेकेदाराचा पोरगा चालवतो, आणि त्याला कुणी कामगार म्हणत नाही. मी घरी बसलो आहे. आई विचारते, काऊन जाऊन नाई राह्यला कामावर? मी म्हणतो, सुट्टी आहे.

आज सकाळी रूपालीचा फोन आला. ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. म्हणाली, "मडावीभाऊ, मॅडम गेल्या. आता कोणाले इचारू? केरळात जाऊ का नाई? घरचे म्हणते सोड."

मी फोन घेऊन अंगणात आलो. ती म्हणाली, "भाऊ, सांगा ना."

मी म्हटलं, "रुजू हो. निषेध लिहून दे, अन् रुजू हो. सोडलं तर काईच हाती राहात नाई."

"अन् तुमी?"

तिनं थोडा वेळ वाट पाहून फोन ठेवला.

तिला दिलं ते तुमचं उत्तर होतं, वंदनाबाई. शब्दाला शब्द तुमचं. माहं उत्तर काय आहे ते मले समजून नाई राह्यलं. तारीख जवळ आली. तुमच्यासंग भांडल्याबिगर मले काईच ठरवता येत नाई.